परदेशची सून, माप आणि कागद



आमच्या घरात पोलंडची सून आली, हे आता नात्यागोत्यात सगळ्यांना कळलेलं आहे. माझ्या धाकट्या दिरांचा नातू तिकडे नोकरीला होता. तिथेच त्यांचं रजिस्टर लग्न झालं आणि आता तो बिडकीनच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी धरून बायकोसह परत आला आहे. तेव्हापासून कुणाचाही फोन आला की दोन प्रश्न ठरलेले. पहिला, "तिला आपलं जेवण चालतं का हो?" आणि दुसरा, "लग्न झालं म्हणजे आता ती इथलीच झाली ना?" पहिल्याचं उत्तर सोपं आहे. ज्वारीची भाकरी चालते, ठेचा चालत नाही. दुसऱ्याचं उत्तर मात्र फोनवर देण्यासारखं नाही. चौतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, तेव्हा म्हटलं, जरा मागे जाऊन नीट लिहूनच काढावं.

पैठणच्या माणसाला कागदाचं महत्त्व वेगळं सांगायला नको. विठ्ठलपंतांच्या चार लेकरांना आळंदीच्या ब्रह्मवृंदाने सांगितलं की, पैठणहून शुद्धिपत्र आणा, मग तुम्हाला समाजात घेऊ. ही गोष्ट आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलो. रेड्यामुखी वेद वदवले ते त्याच वेळी, असं परंपरा सांगते. माझ्या वर्गातली मुलं रेड्याची गोष्ट ऐकताना खूश व्हायची. मला मात्र दर वर्षी शिकवताना त्या पत्राचंच नवल वाटायचं. चार हुशार लेकरं उन्हातान्हात चालत आली, कशासाठी? तर 'यांना आत घ्यायला हरकत नाही' एवढा एक दाखला मिळावा म्हणून! म्हणजे आमचं गाव त्या काळी एक प्रकारचं व्हिसा ऑफिसच होतं म्हणायचं.

पण याच गावाची त्याहून जुनी गोष्ट अगदी उलटी आहे, आणि ती फारशी कुणी सांगत नाही. पैठण म्हणजे प्रतिष्ठान, सातवाहनांची राजधानी. गौतमीपुत्र सातकर्णीच्या पराक्रमाचं वर्णन त्याची आई गौतमी बलश्री हिने नाशिकच्या लेण्यात कोरवून ठेवलं आहे. शक, यवन, पह्लव यांचा त्याने पाडाव केला आणि चार वर्णांची सरमिसळ थांबवली, असा त्यात गौरव आहे. आता गंमत पाहा. त्याच घराण्यातला पुढचा एक राजा, वाशिष्ठीपुत्र सातकर्णी. मुंबईजवळच्या कान्हेरीच्या लेण्यांत एका पाण्याच्या टाक्यावर लेख आहे. त्यात या राजाच्या राणीचा उल्लेख आहे, आणि ती राणी कार्दमक कुळातली, महाक्षत्रपाची मुलगी होती असं म्हटलं आहे. वडिलांच्या नावाचं पहिलंच अक्षर शिल्लक आहे, पण ते रुद्रदामन असं अभ्यासक मानतात. म्हणजे शकांची मुलगी! ज्या शकांना मारल्याचा अभिमान आजीबाईंनी दगडावर कोरला, त्यांचीच लेक सून होऊन आली. पुढे रुद्रदामनने गिरनारच्या शिलालेखात (इ. स. १५०) लिहिलं की, दक्षिणापथाच्या सातकर्णीला मी दोनदा हरवलं, पण जवळचं नातं असल्यामुळे त्याचा नाश केला नाही. जावई म्हणून सोडला, असं समजायला हरकत नाही.

कान्हेरीच्या त्या लेखातली दोन गोष्टी माझ्या मनातून जात नाहीत. एक, सातवाहनांचे लेख बहुतेक सगळे प्राकृतात आहेत, हा मात्र संस्कृतात आहे. शकांच्या दरबारात संस्कृत लेखांची चाल होती. सून माहेरची भाषा घेऊन आली असावी. आणि दुसरी, दगड फुटल्यामुळे त्या राणीचं स्वतःचं नाव गेलं आहे. नवऱ्याचं नाव आहे, माहेरचं कूळ आहे, तिचं नाव तेवढं नाही. परदेशी सुनांच्या बाबतीत हे पुढेही पुष्कळदा झालं.

तर सांगायचं म्हणजे, बाहेरच्या सुनेला दोन उंबरठे ओलांडावे लागतात. एक घराचा, जिथे आपण तांदळाचं माप ठेवतो. दुसरा राज्याचा, जिथे कागद लागतो. आपल्याकडच्या गेल्या शंभर वर्षांतल्या काही सुना पाहिल्या, की ध्यानात येतं की हे दोन्ही उंबरठे एकाच वेळी सोपे असे क्वचितच होते.

इंग्रजी अमलात राज्याचा उंबरठा, निदान सुनेसाठी, अगदी सखल होता. १९१४ च्या ब्रिटिश नागरिकत्वाच्या कायद्यात साधा नियम होता, की ब्रिटिश प्रजाजनाची बायको ती ब्रिटिश प्रजा. ब्रिटिश हिंदुस्थानात जन्मलेला मराठी माणूस ब्रिटिश प्रजाजनच होता. त्याने स्वित्झर्लंडची मुलगी केली की लग्नाच्या दिवशीच ती ब्रिटिश प्रजा झाली. अर्ज नाही, वर्षांची अट नाही. आमचं पैठण तेव्हा निजामाच्या रियासतीत. इथला माणूस ब्रिटिश प्रजा नव्हताच, नुसता 'संरक्षित' होता, म्हणून त्या कायद्याचा त्याला उपयोग नव्हता. पण हैदराबादच्या मुल्की नियमांतही (१९१९) मुल्की माणसाची बायको ती मुल्की, असं कलम होतं. माझ्या वडिलांच्या पिढीला मुल्की दाखल्याची फार काळजी असायची, कारण सरकारी नोकरी त्यावर अवलंबून. बायकोला मात्र तो नवऱ्याच्या नावाने आपोआप मिळे.

याचा अर्थ त्या वेळचे राज्यकर्ते उदार होते असा कुणी घेऊ नये. कायद्याच्या पोटात गृहीत होतं की बाईला स्वतःचा देश नसतो, नवऱ्याचा देश तोच तिचा. हे पुढे महागात पडलं, ते येईलच.

आता घराचा उंबरठा. १९२८ साली इंदूरचे (गादी सोडलेले) महाराज तुकोजीराव होळकर यांनी अमेरिकेतल्या सिएटलच्या नॅन्सी मिलर हिच्याशी लग्न ठरवलं. त्या वेळच्या वर्तमानपत्रांत याची किती चर्चा झाली असेल, कल्पना करा! अडचण नुसती लोकांच्या बोलण्याची नव्हती, कायद्याचीही होती. १८७२ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचं तर 'मी हिंदू नाही, ख्रिस्ती नाही' असं दोघांना लिहून द्यावं लागे. १९२३ ची दुरुस्ती झाली तीही हिंदू, बौद्ध, शीख, जैन यांच्या आपसांतल्या लग्नापुरती. हिंदू नवरा आणि ख्रिस्ती बायको, दोघांनी आपापला धर्म ठेवून त्या कायद्याने लग्न करायची सोय नव्हती. म्हणून आधी शुद्धी. नाशिकला शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांच्या हस्ते तो विधी झाला, नॅन्सीची शर्मिष्ठा झाली, धनगर समाजातल्या लंभाते यांच्या घराने तिला मुलगी मानून दत्तक घेतलं, आणि मग मार्चमध्ये बडवाहला लग्न लागलं. घरात यायच्या आधी माहेर बदलावं लागलं! आमच्या पैठणच्या शुद्धिपत्राची मला इथे आठवण होते. सहाशे-साडेसहाशे वर्षं उलटली, पण आत घ्यायची रीत तीच.

आणि तिकडे अमेरिकेत काय झालं? १९२३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात निकाल दिला होता, की हिंदुस्थानी माणूस अमेरिकन नागरिक व्हायला पात्र नाही. आणि १९२२ च्या कायद्यात कलम होतं, की अशा अपात्र परदेशी माणसाशी लग्न करणाऱ्या अमेरिकन बाईचं नागरिकत्व जाईल. हे कलम १९३१ मध्ये निघालं. नॅन्सी मिलरचं लग्न १९२८ चं. म्हणजे इकडच्या कायद्याने नवं माहेर घ्यायला लावलं, तिकडच्या कायद्याने जुनं माहेर काढून घेतलं.

दुसरी सून आपल्या सगळ्यांना माहीत असायला हवी, पण नाव घेतलं की लोक "कोण?" विचारतात. ईव्ह इव्हॉन मादाय द मारोस, जन्म १९१३, स्वित्झर्लंडमधलं न्यूशातेल. वडील हंगेरियन, आई रशियन. १९२९ मध्ये सुट्टीत तिची विक्रम खानोलकर या मराठी तरुणाशी ओळख झाली. तो इंग्लंडमध्ये सँडहर्स्टला लष्करी शिक्षण घेत होता. वडिलांचा विरोध होता, तरी ती हिंदुस्थानात आली. १९३२ साली लखनौला लग्न झालं आणि ती सावित्रीबाई खानोलकर झाली. मराठी, संस्कृत, हिंदी शिकली, पुराणं वाचली. स्वातंत्र्यानंतर शौर्यपदकं नव्याने करायची ठरली, तेव्हा मेजर जनरल हिरालाल अटल यांनी ते काम सावित्रीबाईंकडे दिलं. परमवीर चक्रावरचं वज्र ही त्यांची कल्पना. दधीची ऋषींनी आपली हाडं दिली आणि त्यांचं वज्र झालं, ती कथा त्यामागे आहे. पहिलं परमवीर चक्र मेजर सोमनाथ शर्मांना मरणोत्तर मिळालं, आणि ते सावित्रीबाईंच्या थोरल्या मुलीचे दीर!

सावित्रीबाईंनी महाराष्ट्रातल्या संतांवर इंग्रजीत एक पुस्तकही लिहिलं. नाथांच्या गावात आयुष्य काढलेल्या मला या गोष्टीचं फार अप्रूप वाटतं. आपल्या कितीतरी सुनांना (आणि लेकींनाही!) सासरच्या गावचा इतिहास ठाऊक नसतो. इथे परक्या देशातून आलेल्या बाईने आमच्या संतांची ओळख परक्या भाषेत करून दिली. १९५२ साली विक्रम खानोलकर वारले. सावित्रीबाई पुढे अडतीस वर्षं इथेच राहिल्या, १९९० मध्ये गेल्या. ही अडतीस वर्षं ध्यानात ठेवा, शेवटी त्यांचं काम आहे.

पांडुरंग खानखोजे यांची गोष्ट याहून वेगळी. वर्ध्याचे खानखोजे गदर चळवळीतले क्रांतिकारक. देशोदेशी फिरत मेक्सिकोला पोचले, तिथे शेतीशास्त्राचे प्राध्यापक झाले, मक्यावर त्यांनी मोठं काम केलं. १९३६ साली तिथेच त्यांनी जीन सिंडिक या बेल्जियन बाईंशी लग्न केलं. देश स्वतंत्र झाल्यावर कुटुंबाला घेऊन परत यावं म्हणून त्यांनी अर्ज केला, तर व्हिसा नाकारला! इंग्रजांनी बंदी घातलेल्यांच्या यादीत त्यांचं नाव होतं आणि स्वतंत्र भारताच्या कार्यालयात ती यादी तशीच चालू होती. पुढे बंदी उठली. खानखोजे नागपूरला राहिले आणि १९६७ मध्ये तिथेच वारले. बायकोला आणायचं राहिलं बाजूला, ज्याने या देशासाठी घर सोडलं त्या नवऱ्यालाच आधी आत येण्याचा परवाना मागावा लागला.

आणि सोलापूरच्या कोटणीसांची सून तर सासरी नांदायला आलीच नाही. डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, १९४१ मध्ये ग्वो छिंगलान या परिचारिकेशी त्यांचं लग्न झालं, १९४२ साली मुलगा झाला. त्याचं नाव इनह्वा, म्हणजे भारत-चीन. मुलगा काही महिन्यांचा असताना, ९ डिसेंबर १९४२ रोजी डॉक्टर गेले. व्ही. शांतारामांनी १९४६ साली चित्रपट काढला, त्यात जयश्रीबाईंनी ही भूमिका केली. म्हणजे आपल्या लोकांनी ही सून आधी पडद्यावर पाहिली! खऱ्या ग्वो छिंगलान पुढे अनेकदा भारतात आल्या, पण पाहुण्या म्हणून, सरकारी मानसन्मानात. त्यांचा तो मुलगाही १९६७ मध्ये ऐन तारुण्यात गेला. २०१२ साली त्या चीनमध्येच वारल्या.

आमच्या सुनेमुळे आणखी एक गोष्ट नव्याने वाचली. दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलिश निर्वासितांची छावणी होती, १९४३ ते १९४८. सुमारे पाच हजार माणसं, त्यांत बायका आणि मुलंच जास्त. रशियातून इराणमार्गे हाल काढत आलेली. युद्ध संपल्यावर ती पांगली, पण त्यांतली एक तरुणी कोल्हापूरच्या मराठी मुलाशी लग्न करून इथेच राहिली, मराठी बोलू लागली, कोल्हापूरची झाली. पोलंडच्या लोकांनी वळिवडे विसरलेलं नाही, वॉर्सात कोल्हापूरचं स्मारक आहे. आमच्या सुनेला मी हे सांगितलं, तर तिला ते आधीच माहीत होतं. मीच उलट तिच्याकडून छावणीचा पोलिश उच्चार शिकले.

आता त्या महागात पडलेल्या गृहीताकडे येते. 'नवऱ्याचा देश तो बायकोचा' या नियमाने परदेशी सुनेची सोय झाली, पण आपल्या लेकीचं काय? त्याच १९१४ च्या कायद्यात लिहिलं होतं, की परदेशी माणसाची बायको ती परदेशी. म्हणजे पुण्याच्या मुलीने फ्रेंच माणसाशी लग्न केलं, की ती स्वतःच्या जन्मगावात परकी! नवऱ्याचं नागरिकत्व मिळालं तरच तिचं जाईल, एवढी सवलत १९३३ साली आली. रँग्लर परांजप्यांची मुलगी शकुंतला केंब्रिजला गणित शिकली आणि त्या काळात तिने युरा स्लेप्त्झॉफ या रशियन चित्रकाराशी लग्न केलं. १९३८ साली सई जन्मली. लग्न टिकलं नाही. शकुंतलाबाई माहेरी आल्या, आजोबांच्या घरात नात वाढली, आणि ती आपल्या सई परांजपे. शकुंतलाबाईंनी पुढे संततिनियमनाचं काम केलं, राज्यसभेवर गेल्या. रँग्लरांचं घर होतं म्हणून हे निभावलं. परदेशी नवरा केलेल्या लेकीला माहेरी जागा देणारी घरं त्या वेळी किती असतील?

स्वतंत्र भारताने १९५५ मध्ये आपला नागरिकत्व कायदा केला. त्यात भारतीय नागरिकांशी 'विवाहित असलेल्या किंवा असलेल्या होत्या अशा स्त्रियांना' नोंदणी करून नागरिकत्व मिळण्याची सोय ठेवली. अमुक इतकी वर्षं राहा, अशी अट नव्हती. इतकं सरळ कलम! पण शब्द पाहा, स्त्रियांना. परदेशी सुनेला नागरिकत्व, परदेशी जावयाला लग्नाच्या आधारावर काही नाही. शिवाय परदेशात जन्मलेलं मूल भारतीय ठरायचं ते बापावरून. आई भारतीय असून भागत नसे.

याचा चटका मी जवळून पाहिला आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकांत मराठवाडा विद्यापीठात बाहेरच्या देशांतले बरेच विद्यार्थी शिकायला येत. आमच्या ओळखीतल्या एका मुलीने १९८२ साली अशाच एका मुलाशी लग्न केलं. चांगला मुलगा, मोडकी मराठी बोलायचा, तिच्या आईला 'मावशी' म्हणायचा. शिक्षण संपलं, तसा राहण्याचा परवाना संपला. घरच्यांनी वकील गाठला. वकिलांनी पुस्तक उघडून कलम दाखवलं. मुलगा असता आणि बायको परदेशी असती तर एका अर्जात काम झालं असतं, मुलीला तो रस्ता नव्हता. ती त्याच्याबरोबर त्याच्या देशात गेली. आईच्या आजारपणात तिला येता आलं नाही. तिच्या आईने शेवटपर्यंत जावयाला नावं ठेवली नाहीत, त्या कलमालाच ठेवली.

१९८६ साली कायदा बदलला. 'स्त्रिया' जाऊन 'व्यक्ती' आलं, लेकीच्या नवऱ्यालाही तोच हक्क मिळाला. मुलाचं नागरिकत्व आई किंवा बाप कुणाहीवरून, हे १९९२ मध्ये आलं. फार चांगलं झालं. पण गंमत अशी, की समानता देताना दार रुंद केलं नाही, दोघांसाठी सारखंच अरुंद केलं. १९८६ मध्ये पाच वर्षं वास्तव्याची अट आली, २००३ च्या दुरुस्तीने ती सात वर्षांची झाली. कारणंही आहेत, नाही असं नाही. सीमेपलीकडून येणारे लोक, कागदापुरती केलेली लग्नं, हे सगळं सरकारला पाहावं लागतं. नुसत्या लग्नाच्या दाखल्यावर कुणालाही नागरिक करा, असं मीही म्हणणार नाही.

पण २००३ च्या दुरुस्तीत आणखी एक बारीक बदल झाला. जुन्या कलमात 'विवाहित आहे किंवा होती' असं होतं. नव्यात नुसतं 'विवाहित आहे' एवढंच उरलं. मराठीच्या तासाला आम्ही मुलांना काळ शिकवतो. इथे एक भूतकाळ गळला, आणि त्याबरोबर विधवा गळली. शब्दशः वाचलं तर सात वर्षं पुरी व्हायच्या आत नवरा गेला, तर या कलमाचा तिला आधार नाही. म्हणून मघाशी सावित्रीबाईंची अडतीस वर्षं ध्यानात ठेवा म्हटलं. नवरा गेल्यावर ती बाई सासरच्या देशात अडतीस वर्षं राहिली. आज एखादी तरुण परदेशी सून चार वर्षांत विधवा झाली, तर तिने कोणत्या कलमाने राहायचं, हा प्रश्न सासू-सासऱ्यांनी आधी विचारात घेतला पाहिजे.

आता आजची परिस्थिती, म्हणजे फोनवरच्या त्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. लग्न लावण्याची अडचण आता राहिली नाही. १९५४ चा विशेष विवाह कायदा आणि परदेशातल्या लग्नांसाठी १९६९ चा कायदा, दोन्हींत कुणालाही धर्म सोडावा लागत नाही. शुद्धी नाही, दत्तक नाही. पण लग्नाने नागरिकत्व मिळत नाही. आधी जोडीदाराचा प्रवेश व्हिसा. तो १८० दिवसांहून जास्त मुदतीचा असेल तर आल्यापासून १४ दिवसांत परदेशी नागरिक म्हणून नोंदणी. हल्ली ती संगणकावरून होते. या व्हिसावर नोकरी करता येत नाही. लग्नाची नोंदणी होऊन सलग दोन वर्षं झाली, की ओसीआय कार्डासाठी अर्ज. ते मिळालं की आयुष्यभराचा व्हिसा आणि नोकरीची मोकळीक. तरी मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. आणि घटस्फोट झाला तर लग्नावर मिळालेलं हे कार्ड जातं. नागरिकत्व हवं असेल तर लग्नाच्या कलमाने सात वर्षं इथलं वास्तव्य, किंवा ओसीआय होऊन पाच वर्षं आणि त्यात शेवटचं वर्ष सलग इथे राहणं. शिवाय मूळ देशाचं नागरिकत्व सोडायचं, कारण आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. अमेरिकेतून आलेल्या गेल ऑम्वेट यांनी ते केलं. १९७६ साली भारत पाटणकरांशी लग्न, १९८३ साली भारतीय नागरिकत्व, आणि सांगली जिल्ह्यातल्या कासेगावात सासरी राहून आयुष्यभर चळवळ आणि लेखन. २०२१ मध्ये त्या कासेगावातच गेल्या. पण त्यांच्या वेळी सात वर्षांची सक्ती नव्हती, स्वतःच्या मनाने घेतलेला निर्णय होता.

आमच्याकडे अडलं ते एका अगदी मराठी गोष्टीवर, वडिलांच्या नावावर! मुलाच्या पासपोर्टात स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं तिन्ही. पोलंडच्या लग्नाच्या दाखल्यावर मधलं नाव नाही, कारण तिकडे तशी पद्धत नाही. एका कार्यालयाने अर्ज परत पाठवला, की हे दोघे एकच कशावरून? मग प्रतिज्ञापत्र, दाखल्याचं भाषांतर, त्यावर तिकडच्या सरकारचा शिक्का. तीन महिने गेले. त्या तीन महिन्यांत ती बिचारी पोळ्या लाटायला शिकली आणि रोज विचारायची, "मोठ्या आजी, आज पत्र आलं?" आमच्या जाऊबाई, वय एक्क्याऐंशी, शाळेचं तोंड न पाहिलेल्या. त्या म्हणाल्या, "माप ओलांडून आली ना ती? मग अजून कुणाला विचारतायत?" मला हसूही आलं आणि पोटात तुटलंही. १९२८ साली सरकार हरकत घेत नव्हतं आणि समाज शुद्धी मागत होता. आज आमच्या जाऊबाई काही मागत नाहीत, आणि सरकार सात वर्षं मागतं.

तेव्हा ज्यांच्या घरात असं लग्न ठरतंय त्या नातलगांना चार गोष्टी सांगते. लग्न झाल्या आठवड्यात रीतसर नोंदवा, कारण ओसीआयसाठी लागणारी दोन वर्षं नोंदणी झाल्यावरच मोजतात. नावं सगळ्या कागदांवर एकसारखी आहेत ना, हे लग्नाआधी पाहा. व्हिसाची मुदत भिंतीवरच्या कालनिर्णयात लाल शाईने लिहून ठेवा. ओसीआय आणि नागरिकत्वाचे अर्ज ज्या दिवशी करता येतील त्याच दिवशी करा, 'बघू पुढे' म्हणू नका. आयुष्याचा भरवसा कुणी दिलेला नाही, आणि कायद्यात भूतकाळ उरलेला नाही. आणि तिच्या नावे बँकेत काही ठेवा, घराच्या कागदात तिचा विचार करा. आपल्याकडच्या सुनेला निदान माहेर असतं जवळ. हिचं माहेर सहा-साडेसहा हजार किलोमीटरवर आहे.

आणि एक, तिचं नाव बदलू नका. आमच्याकडे मंडपात तांदळाच्या ताटात नाव काढायची वेळ आली, तेव्हा मी तिचं पोलिश नावच देवनागरीत काढायला लावलं. भटजी जरा थबकले, मग म्हणाले, "जोडाक्षर सांगा." कान्हेरीच्या त्या शक राणीचं नाव दगडातून गेलं ते गेलं. आमच्या सुनेचं रेशनकार्डावर यायला अजून अवकाश आहे, पण घरच्या कुळाचाराच्या वहीत मी ते लिहून टाकलं आहे.

तुमच्या घरात, ओळखीत कुणी अशी सून किंवा जावई आलेला असेल, विशेषतः १९५० ते १९८६ या काळातला, तर त्याची हकिगत मला जरूर कळवा. जुने कागद असतील तर फेकू नका. मराठवाड्यातल्या अशा लग्नांविषयी कुणी लिहून ठेवलेलं माझ्या पाहण्यात आलेलं नाही, आणि ते सांगणारी माणसं आता माझ्याच वयाची आहेत.